ताटात आलेला मासा जिताडा नव्हता. परत पाठवायला हवा होता का?

खाडीकाठची | सोमवार, रात्री ९.५०

गेल्या शनिवारी, १२ जुलैला, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. २००० साली भर पावसात रजिस्टर लग्न केलं होतं. चार साक्षीदार, आणि नंतर ऑफिसजवळच्या उडप्याकडे सगळ्यांनी मसाला डोसा खाल्ला. त्या दिवशी नवरा म्हणाला होता की पंचविसाव्या वर्षी तुला मोठ्या हॉटेलात नेईन. मी विसरले होते, तो नव्हता. जानेवारीपासून दर महिन्याला थोडे पैसे पाकिटात बाजूला टाकत होता, हे मला परवा कळलं.

हॉटेल लोअर परळचं. नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका. तीन आठवडे आधी बुकिंग, माणशी हजार रुपये आगाऊ, खिडकीजवळचं टेबल. तसा मेसेजही आला होता. आम्ही भांडुपहून टॅक्सी करून आठला पाच मिनिटं कमी असताना पोचलो. वीस मिनिटं दारात उभं ठेवलं, मग जे टेबल दिलं ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून. दार उघडलं की माझ्या खुर्चीला वारा लागायचा. खिडकीचं काय झालं विचारलं तर "आज फुल आहे" एवढंच उत्तर. अंधार इतका की मेनू वाचायला नवऱ्याने मोबाईलची बॅटरी लावली. मेनूही मोबाईलवरच, चौकोन स्कॅन करून.

आता मुख्य गोष्ट. मी अलिबागजवळच्या गावची. मासा आमच्याकडे नावाने, वासाने आणि काट्याने ओळखतात. मेनूत "आजचा ताजा मासा" अशी ओळ होती, किंमत १,९५०. कोणता मासा विचारलं. वेटर म्हणाला, सी बास आहे, आज सकाळी अलिबागहून आलाय. मला खरंच आनंद झाला. इकडच्या मेनूंवर ज्याला एशियन सी बास लिहितात तो म्हणजे आपला जिताडा. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, पंचविसाव्या वर्षी माझं माहेर इथे येऊन बसलंय.

पन्नास मिनिटांनी ताट आलं. पांढरा चौकोनी तुकडा, कातडी नाही, काटा नाही, वर फेस आणि हिरव्या तेलाचे ठिपके. काट्याने दाबलं तर पाणी सुटलं. जिताड्याचं मांस घट्ट असतं, त्याची मोठी मोठी दळं सुटतात, त्याला स्वतःची चरबी असते. हा तोंडात नुसता विरघळला, भिजलेल्या कापसासारखा. चव सॉसची, माशाची काही नाहीच. मी शपथेवर सांगेन की तो बासा होता.

वेटरला म्हटलं, हा जिताडा नाही. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर हसून म्हणाला, "मॅम, हमारे शेफ की स्टाइल है, बहुत लोगों को पहली बार में समझ नहीं आता." नवऱ्याने टेबलाखालून माझा हात दाबला आणि हळूच म्हणाला, "जाऊ दे ना. आजच्या दिवशी नको."

मी गप्प बसले. अर्धा मासा खाल्ला. साडेनऊला वेटर सांगायला आला की या टेबलाचं पुढचं बुकिंग आहे. बिल ८,३३९ रुपये.

घरी येताना टॅक्सीत आम्ही बोललो नाही. मुलुंडला जाणारे ट्रक, पाऊस, आणि आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघतोय. झोपताना तो म्हणाला, "मला वाटलं होतं तुला आवडेल." तेव्हापासून माझ्या पोटात खड्डा पडलाय. मला तुम्हाला खरंच विचारायचंय, मी तेव्हाच ताट परत पाठवायला हवं होतं का? की त्याच्यासाठी मी गप्प बसले ते बरोबर केलं?

---

तव्यावरची सुरमई | सोमवार, रात्री १०.१५

आधी तुम्हा दोघांना पंचविशीच्या शुभेच्छा.

परत पाठवायला हवं होतं. तुम्ही १,९५० रुपये दिले ते जिताड्याचे. सोनाराने बावीस कॅरेट सांगून अठरा दिलं तर आपण "आजच्या दिवशी नको" म्हणतो का?

---

शेवटची कर्जत | सोमवार, रात्री १०.३२

ताई, एक शंका. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते. मग १२ जुलैला "आज सकाळी अलिबागहून आलेला मासा" हेच मुळात खोटं नाही का? तुम्हाला तिथेच कळायला हवं होतं.

---

खाडीकाठची | सोमवार, रात्री ११.०५

@शेवटची कर्जत, हे मुद्दाम लिहिते, कारण या मुद्द्यावर बरेच जण गडबडतात.

बंदी आहे ती यांत्रिक बोटींना. पारंपरिक, बिनइंजिनाच्या होड्यांना नाही. शिवाय जिताडा हा समुद्राइतकाच खाडीचा मासा. पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, शेताला लागून तळी असतात, त्यांत खाडीतली जिताड्याची पिल्लं सोडून वाढवतात. माझ्या काकांचं असं तळं होतं. पावसाळ्यात बोंबील, पापलेट मिळेनासे होतात तेव्हा घरी पाहुणा आला की तळ्यातला जिताडा काढायचा, हा आमच्याकडचा मान. जावयाला तर हमखास. म्हणजे जुलैत अलिबागचा ताजा जिताडा मुंबईच्या हॉटेलात येणं अगदी शक्य आहे. म्हणूनच मी विश्वास ठेवला.

पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, त्यामुळे जुलैत तिकडचा समुद्रातला मासाही मुंबईत येतो. तेव्हा पावसाळ्यात मासा दिसला की तो खोटाच, असं नका समजू. खोटं कुठे होतं ते ताटात कळलं.

---

काउंटरमागचा | मंगळवार, सकाळी ७.२०

मी अठरा वर्षं या धंद्यात आहे. आधी स्टुअर्ड, मग कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, आता दुसऱ्या बाजूला, खरेदी बघतो. तुमचं हॉटेल कोणतं ते मला माहीत नाही आणि नकोही. पण आत काय होतं ते सांगतो.

संध्याकाळी सर्व्हिसच्या आधी ब्रीफिंग असतं. त्यात कॅप्टन सांगतो, आज हे आहे, हे संपलंय, हे खपवा. वेटर तेच पाठ करून टेबलावर म्हणतो. "अलिबाग" हा शब्द त्याला कोणीतरी दिलेला असतो. तो पोरगा बहुधा आसामचा किंवा उत्तराखंडचा, त्याने जिताडा आयुष्यात पाहिलेला नसतो. त्याच्यावर राग धरू नका.

बासा का वापरतात? गोड्या पाण्याचा, तळ्यात वाढवलेला मासा. व्हिएतनामहून गोठवून येतो, आंध्रातही त्याची शेती आहे. एकसारखे तुकडे, काटा नाही, वास नाही, वर्षभर जवळपास एकच भाव. जिताडा आणला तर डोकं, काटा, कातडी जाऊन निम्म्याहून कमी हाताला लागतो. शेफला एकाच मापाचे तुकडे हवे असतात, मालकाला फूड कॉस्ट बिलाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत हवी असते. बासा खाणं गुन्हा नाही. मेनूत बासा लिहून बासा द्यावा. दुसऱ्याचं नाव लावून देणं ही चोरी आहे, आणि मी हे धंद्यात राहून म्हणतोय.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ताट परत पाठवायचं तर पहिल्या दोन घासांत. तेव्हा केओटी, म्हणजे किचनला गेलेली ऑर्डरची चिठ्ठी, रद्द करणं कॅप्टनच्या हातात असतं. अर्धं खाल्लेलं ताट परत गेलं की आतले लोक म्हणतात, आवडलं म्हणून तर खाल्लं. आणि वेटरला न सांगता थेट कॅप्टनला बोलवा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. एवढंच म्हणायचं, "मला जे सांगितलं ते हे नाही, कच्चा मासा दाखवा." खरा असेल तर किचन अभिमानाने दाखवतं.

---

नियमावर बोट | मंगळवार, सकाळी ९.४०

८,३३९ हा आकडा पाहून बिलाचा फोटो मागवावासा वाटतो. सर्व्हिस चार्ज लावला होता का?

---

खाडीकाठची | मंगळवार, दुपारी १.१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. बिल समोर आहे. सॅलड ८५०, मशरूम ७९५, मासा १,९५०, नवऱ्याचा रिसोट्टो १,१५०, गोड ६७५, दोन सरबतं ५५० प्रमाणे १,१००, पाण्याच्या दोन बाटल्या ३५० प्रमाणे ७००. बेरीज ७,२२०. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के, ७२२. मग जीएसटी ५ टक्के, ३९७ रुपये १० पैसे.

पाण्याबद्दल त्याने "स्टिल की स्पार्कलिंग" विचारलं. आम्ही स्टिल म्हणालो. साधं पाणी मागता येतं हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

---

नियमावर बोट | मंगळवार, दुपारी २.०५

मग हे वाचा आणि आजच लिहून टाका.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या आणि संघटनांच्या याचिका फेटाळल्या. त्यावर पुढे अपील झालंय, पण तेवढ्यावरून हॉटेलला तो तुमच्या माथी मारता येत नाही.

शिवाय बघा, जीएसटी त्यांनी ७,२२० वर नाही, ७,९४२ वर लावलाय. म्हणजे सर्व्हिस चार्जवरही कर तुम्हीच भरला, ३६ रुपये १० पैसे. एकूण परत मागायची रक्कम ७५८ रुपये १० पैसे.

आधी हॉटेलला ईमेल करा. बिल, बुकिंगचा मेसेज आणि मेनूतल्या त्या ओळीचा स्क्रीनशॉट जोडा. दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना त्यांची चांगली मदत झाली होती.

पाण्याच्या बाटलीसाठी मात्र भांडू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याला हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच मोकळीक दिली आहे.

---

काउंटरमागचा | मंगळवार, दुपारी ३.३०

वरच्या माहितीला विरोध नाही. एकच भर घालतो. बऱ्याच ठिकाणी सर्व्हिस चार्जचे पैसे स्टाफमध्ये पॉइंटप्रमाणे वाटतात, भांडी घासणाऱ्यापर्यंत जातात. काही ठिकाणी अजिबात जात नाहीत. ज्या पोराने नीट वाढलं त्याला द्यायचं असेल तर हातात रोख द्या.

---

दादर टीटी | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

मला एक कळत नाही. मासा खायचा होता तर तिथे गेलातच कशाला? दादरला गोमांतक आहे, पार्ल्याला गजाली आहे, फोर्टात महेश लंच होम आहे. ताटात काय आहे ते दिसतं, काट्यासकट येतं, आणि याच्या निम्म्या पैशात दोघांचं पोटभर होतं. आपणच असल्या जागा मोठ्या करतो आणि मग तक्रार करतो. स्पष्ट लिहिल्याबद्दल माफ करा.

---

खाडीकाठची | मंगळवार, रात्री ९.३०

माफी कशाला, प्रश्न बरोबर आहे. मीही शनिवारी रात्री त्याला हेच विचारलं होतं. चिडून नाही, पण विचारलं. तेव्हा त्याने सांगितलं नाही. काल रात्री सांगितलं.

माझे सासरे गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. हे हॉटेल ज्या आवारात आहे, ती त्यांची गिरणी. नवरा शाळेत होता तेव्हा दुपारी आईने भरलेला डबा घेऊन त्या फाटकाशी जाऊन उभा राहायचा. आत सोडायचे नाहीत. भय्या डबा आत न्यायचा, रिकामा डबा संध्याकाळी बाबांबरोबर घरी यायचा. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि डबाच बंद झाला. सासरे परत कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. पुढे वॉचमनची नोकरी केली, मग गेले. गिरणीतली शेवटची बाकी हातात यायलाही वर्षं गेली.

नवऱ्याला त्या फाटकातून एकदा आत जायचं होतं. बायकोला घेऊन, नवे कपडे घालून, पैसे देऊन, टेबलावर बसून. म्हणून ते हॉटेल. म्हणून खिडकी, कारण त्या खिडकीतून गिरणीची जुनी चिमणी दिसते असं त्याने वाचलं होतं. म्हणूनच माझा हात दाबला. त्याला त्या जागेत भांडण नको होतं.

मला हे आधी माहीत असतं तर मी मासा मागवलाच नसता. किंवा खिडकीसाठी मीच भांडले असते.

---

शेवटची कर्जत | मंगळवार, रात्री ९.५२

ताई, माझे वडीलही परळच्या गिरणीत होते. पुढे लिहवत नाही.

---

दादर टीटी | मंगळवार, रात्री १०.१०

मी माझा प्रतिसाद मागे घेतो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

अंगणातली जाई | मंगळवार, रात्री १०.४०

माझं वय सत्तर. आमचं लग्न अठ्ठेचाळीस वर्षांचं होतं, हे गेले त्याला तीन वर्षं झाली. ते हॉटेलात कायम म्हणायचे, जाऊ दे. आणि मी कायम जाऊ द्यायची. आज वाटतं, एकदा तरी मी म्हणायला हवं होतं की नाही जाऊ देत, तुम्ही बसा, मी बोलते. त्यांना ते आवडलं असतं. भांडणाची लाज त्यांना वाटायची ती आपल्याला कमी लेखतील म्हणून. माझ्या बोलण्याची त्यांना कधीच लाज नव्हती, हे मला उशिरा समजलं.

पत्र तू लिही, बाळा. पण त्याला वाचून दाखव आणि मगच पाठव. खिडकीचं आधी लिही, माशाचं नंतर.

---

तव्यावरची सुरमई | बुधवार, सकाळी ८.३०

जाई आजींना अनुमोदन. शक्य असेल तर मजकूर इथेही टाका, सगळ्यांना उपयोग होईल.

---

खाडीकाठची | बुधवार, रात्री ११.२०

पाठवलं. दोघांनी बसून लिहिलं, मराठीत. त्याने स्वतःच्या नावाने पाठवलं. मुख्य भाग असा:

"आम्ही खिडकीजवळचे टेबल तीन आठवडे आधी आरक्षित केले होते व तसा तुमचा संदेश आमच्याकडे आहे. ते टेबल आम्हाला का महत्त्वाचे होते हे सांगण्याची आमच्यावर सक्ती नाही, तरी सांगतो. माझे वडील याच आवारात साच्यावर काम करत. आम्हाला अलिबागचा सी बास म्हणून जो मासा दिला तो सी बास नव्हता. माझी पत्नी त्या भागातली आहे. आपल्या मॅनेजरने तिला चव समजत नाही असे सुचवले. याबद्दल त्यांनी तिची क्षमा मागावी. आम्ही मान्य न केलेला सेवा आकार व त्यावरील कर मिळून ७५८ रुपये १० पैसे परत करावेत. माशाच्या पैशांबद्दल आपणच ठरवावे."

शेवटचं वाक्य त्याचं. मी १,९५० मागा म्हणत होते.

---

काउंटरमागचा | गुरुवार, सकाळी ७.०५

मी खरेदीच्या टेबलावर बसतो आणि असलं पत्र आलं तर मला झोप लागणार नाही. उत्तर येईल.

एक गोष्ट आमच्या लोकांसाठीही लिहितो, इथे हॉटेलवाले वाचत असतील तर. हे फसवणं मुंबईपुरतं नाही. कोलकात्यात जिताड्याला भेटकी म्हणतात आणि तिकडेही भेटकीच्या नावावर बासा खपवल्याच्या तक्रारी असतात. खाणारा रोज दहा टेबलांवर ओळखत नाही म्हणून चालतं. अकराव्या टेबलावर कोणीतरी खाडीकाठचं बसलेलं असतं.

---

खाडीकाठची | रविवार, संध्याकाळी ७.४५

शुक्रवारी दुपारी फोन आला. मॅनेजरचा नाही, त्यांच्यापेक्षा वरच्या बाईंचा. मराठीत बोलल्या. ७५८ रुपये १० पैसे आणि माशाचे पूर्ण पैसे, करासकट, खात्यात आले. त्यांनी कबूल केलं की त्या दिवशी सी बास आलाच नव्हता आणि किचनने बासा वापरला, मेनू बदलायचा राहिला. "राहिला" हा शब्द मला पटला नाही, तसं मी त्यांना सांगितलं. मॅनेजर नंतर फोनवर आला. क्षमा मागितली, तोंडदेखली नव्हती.

पुन्हा जेवायला या, खिडकीजवळ बसवतो, पैसे नाही घेणार, असंही म्हणाल्या. मी नवऱ्याकडे फोन दिला. तो म्हणाला, "जेवायला नको. पण एखाद्या सकाळी, हॉटेल उघडायच्या आधी, दहा मिनिटं त्या खिडकीत उभं राहू द्याल का?" बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, बुधवारी या.

@जाई आजी, तुमचं ऐकलं. त्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

आणि काल आम्ही रो-रो बोटीने मांडव्याला उतरून माहेरी गेलो. भावाने शेजारच्या तळ्यातला जिताडा काढवून ठेवला होता, अडीच किलोचा.

---

तव्यावरची सुरमई | रविवार, रात्री ८.१०

कालवण कसं केलंत ते लिहिल्याशिवाय हा धागा बंद करू नका.

---

खाडीकाठची | रविवार, रात्री ८.४०

वहिनीने केलं, मी बघत होते. भरपूर लसूण ठेचून तेलात, त्यावर हळद आणि घरचा मसाला. तो जळायच्या आत पाणी, मग चिंचेचा कोळ, मीठ. उकळी फुटली की जिताड्याच्या तुकड्या आणि डोकं सोडायचं. हिरवी मिरची उभी चिरून, वरून कोथिंबीर. खोबरं अजिबात नाही. मासा घातल्यावर डाव घालून ढवळायचं नाही, टोप दोन्ही हातांनी धरून हलवायचा.

डोकं जावयाला वाढलं. त्याने ते अर्धा तास बसून खाल्लं.